"बसलायस काय नुसता?"

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कामाचे तास किती असावेत यावर सध्या जो तो बोलतोय. कोणी आठवड्याला ७० म्हणतं, कोणी ९० म्हणतं, मग समोरून वर्क लाइफ बॅलन्सवाले लिहितात की सकाळी ध्यान करा, रविवारी फोन बंद ठेवा, वर्षातून एकदा कुठेतरी शांत ठिकाणी जाऊन या. आपल्या पेपरात दोन्ही प्रकारचं छापून येतं आणि मी दोन्ही वाचतो. पण एक गोष्ट मला कायम खटकते म्हणून आज लिहायला बसलो. ह्या दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीतच धरलीय, की कामावर असताना माणसाने फक्त करायचं आणि विचारबिचार जे काय असेल ते कामाच्या बाहेर, स्वतःच्या वेळात आणि स्वतःच्या खर्चाने. भांडण फक्त तासांवरून आहे. अहो पण त्या तासांच्या आत विचाराला जागा आहे का नाही हे कोणीच विचारत नाही!

मी मेंटेनन्समधला माणूस. मशीन बंद पडलं की आम्हाला बोलावतात आणि सगळं नीट चालू असलं की हे लोक नक्की करतात काय असा सगळ्यांना प्रश्न पडतो. आमच्या धंद्यात "बसलायस काय नुसता?" हे वाक्य जितकं ऐकू येतं तितकं दुसरं कुठलं येत नसेल. हातात पाना असला, कपड्यांना ग्रीस लागलेलं असलं, धावपळ दिसली की माणूस कामात. हात मागे बांधून मशीनकडे बघत उभा राहिला की रिकामटेकडा. आणि हे फक्त शॉपफ्लोअरचं नाही बरं का, ऑफिसातही तेच. कीबोर्ड वाजला पाहिजे, चॅटवर हिरवा ठिपका दिसला पाहिजे, मेलला लगेच रिप्लाय गेला पाहिजे. टेबलावर कोरा कागद ठेवून पाच मिनिटं गप्प बसलेल्या माणसाला कोणी विचारलं काय चाललंय, तर "विचार करतोय" असं उत्तर द्यायची हिंमत होत नाही. तो आधी स्क्रीनवर एखादी एक्सेल शीट उघडतो.

एक किस्सा सांगतो, जरा सविस्तर सांगतो कारण सगळा मुद्दा त्यातच आहे.

एक पंप होता आमच्याकडे. त्याचं बेअरिंग, म्हणजे फिरणारा दांडा (शाफ्ट) ज्यावर टेकून फिरतो ते, सारखं जायचं. बदललं की काही दिवस बरा चालायचा, मग हळूहळू आवाज सुरू, मग हाऊसिंगला हात लावला तर चटका बसायचा, मग परत बेअरिंग. आमची टीम त्यात इतकी तरबेज झाली होती की रात्री-अपरात्री फोन आला तरी जाऊन पुलर लावून जुनं बेअरिंग काढायचं, नवीन तापवून शाफ्टवर चढवायचं, कपलिंग जोडून अलाइनमेंट करून, म्हणजे मोटर आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत आणून, पंप चालू करून द्यायचा आणि लॉगबुकात लिहायचं "बेअरिंग बदलले, पंप ओके". वरचे पण खूश, कारण ब्रेकडाऊनचा वेळ दर वेळी कमी येत होता आणि महिन्याच्या रिपोर्टमध्ये तो आकडा छान दिसायचा. बेअरिंगची कंपनी बदलून झाली, ग्रीस बदलून झालं, ग्रीस किती भरायचं यावर एक जोरदार वादही होऊन गेला.

आमच्यात एक सीनियर फिटर होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. एकदा तोच पंप परत बसला तेव्हा ते म्हणाले ह्या वेळी घाई करू नका, मला जरा बघू द्या. आणि ते खरंच नुसते बघत बसले. एक रिकामा डबा उलटा घातला आणि त्यावर बसून कधी पंपाकडे, कधी वर पाइपलाइनकडे बघतायत. साहेब आले. त्यांनी ते ऐतिहासिक वाक्य उच्चारलं. अण्णांनी मान पण वळवली नाही, म्हणाले "बेअरिंग आपोआप मरत नाय साहेब, त्याला कोणतरी मारतंय, ते कोण ते बघतोय." साहेब काहीतरी पुटपुटत निघून गेले, स्टँडबाय म्हणजे राखीव पंप चालू होता म्हणून बरं.

मग अण्णांनी डिस्चार्ज लाइनच्या, म्हणजे पंपातून बाहेर जाणाऱ्या पाइपच्या, जोडाचे (फ्लँजचे) बोल्ट एकेक करून सैल करायला सांगितले. आम्ही मनात म्हणतोय बेअरिंग इथे आणि हे तिकडे काय करतायत. शेवटचा बोल्ट निघाला आणि पाइप टणकन बाजूला उडाला, चांगला बोटभर. म्हणजे ज्यांनी कोणी ती लाइन टाकली त्यांना ती पंपाला नीट जुळवता आलेली नव्हती, त्यांनी ती ओढून-चेपून जागेवर आणली आणि बोल्ट आवळून मोकळे झाले. तेव्हापासून पंप तो सगळा ताण अंगावर घेऊन फिरत होता. आम्ही अलाइनमेंट केलेली असायची ती पाइप जोडल्यावर परत बिघडायची, आणि मार खायचं बेअरिंग. लाइनला सपोर्ट दिला, तो तुकडा कापून नीट मापात वेल्डिंग करून घेतला. त्या पंपाने नंतर त्रास दिला नाही.

आता ह्यात मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं माहितीये का? अण्णा फार मोठे विचारवंत वगैरे नव्हते. त्यांनी सुट्टी टाकली नाही, ते डोंगरावर गेले नाहीत, फोनमध्ये शांत संगीत लावलं नाही. ते पंपाशेजारीच बसले, शिफ्टमध्येच बसले आणि एक नेमका प्रश्न घेऊन बसले. आणि दुसरं म्हणजे उत्तर आमच्या लॉगबुकात आधीपासून पडलेलं होतं की! सारख्या सारख्या त्याच एंट्र्या, त्याच हाताने लिहिलेल्या. पण लॉगबुक लिहायला वेळ दिला जातो, वाचायला कोणाला वेळ दिला जातो? एंट्री केली की ऑडिटला पुरावा झाला, तिचं काम संपलं.

हे असं झालं कसं याचाही थोडा इतिहास आहे. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाचा इंजिनिअर होऊन गेला, त्याने १९११ साली कारखाना शास्त्रशुद्ध कसा चालवावा ते मांडलं. त्यात एक कल्पना अशी की विचार आणि नियोजन हे एका वेगळ्या खात्याने करायचं आणि कामगाराने ठरवून दिलेलं काम ठरवून दिलेल्या पद्धतीने करायचं. त्यातून उत्पादन वाढलं हे खरं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण विचार करणं हे कुठल्यातरी दुसऱ्याच टेबलावरचं काम आहे ही समजूत तेव्हापासून जी बसली ती बसलीच. आणि गंमत म्हणजे आता त्या दुसऱ्या टेबलावरच्या माणसालाही विचाराला वेळ नाही. तो दिवसभर मीटिंगमध्ये असतो.

याच्या बरोब्बर उलट वाट जपानमध्ये धरली गेली. साकिची टोयोडा यांनी १९२४ साली पूर्ण केलेला ऑटोमॅटिक माग, त्याची खासियत काय, तर धागा तुटला की तो आपोआप थांबायचा. नाहीतर काय व्हायचं, धागा तुटलेला आणि माग आपला खटाखट चालू, मग कितीतरी कापड खराब झाल्यावर कोणाच्यातरी लक्षात यायचं. पुढे ह्याच घराण्याची टोयोटा ही मोटारीची कंपनी झाली आणि तिथे हीच गोष्ट माणसांना लावली गेली. असेंब्ली लाइनवर डोक्यावरून एक दोरी गेलेली असते, काही गडबड दिसली की लाइनवरच्या साध्या कामगारानेही ती ओढायची. टीम लीडर धावत येतो, दोघं मिळून बघतात, ठरलेल्या वेळात सुटलं तर ठीक नाहीतर लाइन थांबते. तिथलेच ताइची ओनो, ते माणसांना पाच वेळा "का" विचारायला लावायचे. त्यांचं उदाहरण आम्हा मेंटेनन्सवाल्यांच्या अगदी घरचं आहे. मशीन का बंद पडलं, लोड जास्त आला आणि फ्यूज उडाला. लोड का आला, बेअरिंगला पुरेसं वंगण नव्हतं. का नव्हतं, वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता. का, त्याचा शाफ्ट झिजला होता. का झिजला, तर गाळणी बसवलेली नव्हती आणि धातूचा चुरा आत जात होता. पहिल्या "का"ला थांबलो असतो तर फ्यूज बदलून घरी गेलो असतो, आणि आपल्यापैकी बहुतेक जण रोज तेच करतो, मग ते कारखान्यात असो की बँकेत की शाळेत. पोरगं नापास झालं, लावा जादा तास. गिऱ्हाईक चिडलं, पाठवा माफीची मेल. झाला फ्यूज बदलून.

थांबणं इतकं अवघड का जातं? मला वाटायचं साहेब लोकांची भीती. पण ती एकटीच नाही. फुटबॉलमधल्या पेनल्टी किकवर इस्रायली संशोधकांनी केलेला एक अभ्यास २००७ साली आला. त्यांनी २८६ पेनल्टी तपासल्या. गोलकीपर जवळजवळ ९४ टक्के वेळा डावीकडे नाहीतर उजवीकडे झेपावले. पण जे मधेच उभे राहिले त्यांनी एक तृतीयांश बॉल अडवले, आणि झेपावणाऱ्यांचं प्रमाण त्याच्या निम्मंही नव्हतं. मग उभं का राहत नाहीत? कारण उडी मारून गोल झाला तर लोक म्हणतात बिचाऱ्याने प्रयत्न केला, आणि उभं राहून गोल झाला तर म्हणतात नुसता बघत उभा होता. बघा, तेच वाक्य! म्हणजे कोणी साहेब मागे उभा नसला तरी तो आपल्या डोक्यात बसलेला असतोच. चुकलं तरी चालेल पण काहीतरी करताना दिसलो पाहिजे.

इथपर्यंत वाचून काही जण खूश झाले असतील, विशेषतः ज्यांना नुसतं बसायला आवडतं ते. त्यांच्यासाठी दुसरी बाजू.

विमानाच्या अपघातांबद्दल वाचायचा मला नाद आहे, कारण तिथे प्रत्येक गोष्टीची चौकशी होऊन लेखी रिपोर्ट निघतो, आमच्यासारखं "पंप ओके" लिहून भागत नाही. २८ डिसेंबर १९७८, अमेरिकेतलं पोर्टलंड, युनायटेडची फ्लाइट १७३. उतरायच्या वेळी चाकं खाली येताना मोठा हादरा बसला आणि चाकं नीट लॉक झाली की नाही याची खात्री होईना. कॅप्टन अनुभवी होता. त्याने घाई न करता विमान हवेत घिरट्या घालत ठेवलं, सगळ्या शक्यता तपासल्या, प्रवाशांची तयारी करून घ्यायला लावली. अगदी शहाण्या माणसासारखं वागला, फक्त इंधन संपत चाललंय हे त्याच्या विचारात राहिलं नाही. बाकी दोघांनी सुचवलं पण ठणकावून कोणी सांगितलं नाही. तासाभराने इंजिनं एकेक करून बंद पडली आणि विमान शहराच्या कडेला पडलं, १८९ जणांपैकी १० जण गेले. चाकांचा विचार पूर्ण होईपर्यंत इंधन कशाला थांबतंय?

त्याच्या आधी सहा वर्षं, २९ डिसेंबर १९७२ ला, मायामीजवळ ईस्टर्नची फ्लाइट ४०१ अशीच चाकांच्या एका दिव्यावरून गेली. दिव्याचा बल्ब उडाला होता, एवढंच. कॉकपिटमधले सगळे, त्यात एक मेंटेनन्सवालाही होता हे मी मुद्दाम सांगतो, त्या बल्बच्या मागे लागले. आणि ऑटोपायलटची उंची धरून ठेवणारी सोय सुटलीय, विमान हळूहळू खाली चाललंय, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. खाली दलदल होती. शंभराच्या आसपास माणसं गेली.

ह्या अपघातांमधून पुढे विमान कंपन्यांनी जे शिकून घेतलं ते मला तमाम बॅलन्सवाल्या लेखांपेक्षा जास्त पटतं. १९७९ साली नासाने ह्या विषयावर एक कार्यशाळा घेतली आणि तिथून कॉकपिटमधल्या लोकांना एकत्र काम कसं करायचं याचं ट्रेनिंग सुरू झालं. त्यातली साधी गोष्ट अशी, की बिघाड झाला तर आधी स्पष्ट ठरवायचं की विमान कोण उडवतंय. तो फक्त उडवणार. दुसरा बिघाडाचा विचार करणार. आणि हाताखालच्याला काही खटकलं तर त्याने ते तोंडावर स्पष्ट बोलायचं, पुटपुटायचं नाही.

म्हणजे बघा, आपण उगाच प्रत्येक माणसाच्या डोक्यात हा समतोल शोधत बसलोय. एकाच माणसाने एकाच वेळी पळायचं पण आणि शांतपणे विचार पण करायचा, आणि जमलं नाही की त्यालाच ध्यानाच्या कोर्सला पाठवायचं. खरं तर हे वाटून घ्यायचं काम आहे. ब्रेकडाऊनला चार जण गेले तर चौघांनी पाने घेऊन तुटून पडायचं कारण नाही, तीन जण हात चालवू देत, एक जण दोन पावलं मागे उभा राहून बघू दे, आणि पुढच्या वेळी मागे उभा राहणारा बदलू दे. आमच्याकडे अण्णांच्या त्या प्रकारानंतर आम्ही न सांगता हे सुरू केलं. साहेबांना त्याला निरीक्षक वगैरे काहीतरी नाव द्यायचं होतं, फॉर्म काढायचा होता, आम्ही नको म्हटलं. कारण फॉर्म आला की बघणं संपतं.

फॉर्मवरून आठवलं. ऑपरेशन थिएटरमध्ये वापरायची एक चेकलिस्ट जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली आणली, १९ कलमांची. तीन वेळा थांबायचं. भूल द्यायच्या आधी, कापायच्या आधी आणि पेशंट थिएटरबाहेर जायच्या आधी. थांबून एकमेकांना मोठ्याने विचारायचं, पेशंट हाच ना, जागा हीच ना, कुठल्या औषधाची अॅलर्जी आहे का, मोजलेली हत्यारं पूर्ण आहेत का. आठ देशांतल्या आठ हॉस्पिटलांमध्ये ती वापरून बघितली तेव्हा मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं, तो अभ्यास २००९ साली छापून आला. एवढ्याशा थांबण्याने! पण पुढचं कोणी सांगत नाही. २०१४ साली कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांतातल्या १०१ हॉस्पिटलांचा अभ्यास आला, तिथे लिस्ट सगळीकडे लागू केलेली होती आणि मृत्यूच्या आकड्यात म्हणण्यासारखा फरक पडलेला दिसला नाही. असं का यावर डॉक्टर मंडळी अजून वाद घालतात. मी डॉक्टर नाही, पण पस्तीस कलमांच्या सेफ्टी शीटवर एका दमात पस्तीस टिक मारणारे लोक रोज बघतो, त्यामुळे माझा अंदाज मला ठाऊक आहे. थांबण्याचा नियम करता येतो, थांबून बघायचा नाही करता येत.

आणि बसवून ठेवलं तरी माणूस विचार करेल याचीही गॅरंटी नाही. अमेरिकेतल्या टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक प्रयोग छापला. माणसाला रिकाम्या खोलीत १५ मिनिटं एकटं बसवलं, फोन नाही पुस्तक नाही, फक्त विचार करा. खोलीत एक बटण होतं, दाबलं की विजेचा झटका बसणार, आणि ह्याच लोकांनी आधी सांगितलेलं की असा झटका टाळायला आम्ही पदरचे पैसे देऊ. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी सहा जणींनी स्वतःच स्वतःला झटका दिला. कंटाळा, दुसरं काय! म्हणून कंपन्या जेव्हा शांततेची खोली बांधतात, बीनबॅग टाकतात, तेव्हा मला त्या खोलीची काळजी वाटते. तिथे जाऊन माणूस फोनच बघणार. विचाराला धरायला काहीतरी लागतं, एक प्रश्न लागतो, शक्यतो कागद-पेन्सिल लागते आणि कधी उठायचं ते माहीत असावं लागतं.

उठायचं कधी ह्यावर जरा बोलतो, कारण ऑफिसवाल्यांचा खरा रोग तिथे आहे. आमच्याकडे न विचार करता पळतात आणि त्यांच्याकडे विचाराच्या नावाखाली मीटिंगवर मीटिंग. एक मीटिंग कशासाठी, तर पुढची मीटिंग कधी घ्यायची ते ठरवायला. प्रेझेंटेशन होतं, सगळे माना डोलावतात, "यावर अजून विचार व्हायला हवा" असं म्हणून उठतात, आणि तो अजून विचार करणार कोण ते मिनिट्समध्ये लिहिलेलं नसतं. ह्याला चिंतन म्हणत असतील तर त्यापेक्षा आमचं बेअरिंग बदलणं परवडलं. अण्णा डब्यावर बसले ते उठून बोल्ट खोलायला लावण्यासाठीच. बोल्ट खोलून काही सापडलं नसतं तर त्यांचा अंदाज चुकला हे तिथल्या तिथे सगळ्यांना दिसलं असतं. मीटिंगवाल्यांची अडचणच ही आहे की त्यांच्या विचाराला खोलून बघायचा बोल्टच नसतो.

कोणी म्हणेल हे सगळं बिघाड-दुरुस्तीपुरतं ठीक आहे, पण मोठा विचार करायला मोठी फुरसतच लागते. लोकमान्यांचं उदाहरण देतील. १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला गेले नसते तर कर्मयोगावरचा एवढा ग्रंथ लिहून झाला असता का? प्रश्न बरोबर आहे, आणि कर्माचं एवढं मोठं समर्थन हातपाय बांधलेल्या अवस्थेत लिहिलं गेलं ह्याची मलाही मौज वाटते. पण मंडालेत तो लिहून झाला १९१०-११ च्या थंडीतल्या काही महिन्यांत, तोही पेन्सिलीने. इतक्या झपाट्याने कसा झाला? कारण विचार आधी कितीतरी वर्षं डोक्यात चालू होता, वर्तमानपत्र चालवताना, सभा घेताना, कोर्टकचेऱ्या करताना. फुरसतीत लिहून झालं, पण विचार फुरसतीत सुरू झाला नव्हता. आणि ज्या प्रसंगावर ते लिहीत होते तो तरी कुठला? दोन सैन्यं समोरासमोर, शंख वाजून झालेले, आणि अर्जुन म्हणतो रथ मधोमध नेऊन उभा कर. ऐन कामाच्या वेळेत. आमच्या साहेबांनी तिथेही विचारलं असतं, बसलायस काय नुसता.

घरी नेण्याबद्दल एक राहिलं. विचाराला कामावर जागा दिली नाही की तो गायब होत नाही, तो माणसाबरोबर घरी जातो. जेवताना, आंघोळ करताना, रात्री दोनला जाग आल्यावर. सोफी लेरॉय नावाच्या संशोधिकेने २००९ साली दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की डोक्याचा एक भाग पहिल्यापाशीच घुटमळत राहतो आणि दुसरं काम खराब होतं. त्यांनीच नंतर असंही दाखवलं की उठण्याआधी मिनिटभरात कुठपर्यंत आलोय आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं एवढं लिहून ठेवलं तर पुढच्या कामात डोकं जास्त मोकळं राहतं. जुने शिफ्टवाले हे न शिकता करायचे. चार्ज देताना पुढच्या शिफ्टच्या माणसाला पाच मिनिटं उभ्याने सांगायचे, अमुक मशीनचा आवाज मला बरोबर वाटत नाही, अजून कळलं नाही कशाचा आहे, लक्ष ठेव. सांगितलं की घरी मोकळे. आता चार्ज ॲपवर द्यायचा असतो आणि ॲपमध्ये "बरोबर वाटत नाही" असा ऑप्शन नाही. चालू किंवा बंद, दोनच.

शेवटी एक गोष्ट, आणि मला सगळ्यात जास्त तीच बोचते. थांबून विचार करणं ही आता वरच्या लोकांची चैन होत चाललीय. डायरेक्टर लोक विचार करायला रिसॉर्टवर जातात आणि त्याला ऑफसाइट म्हणतात. आणि ज्याच्या हातून काम जातं, ज्याला गडबड सगळ्यात आधी दिसते, त्याला नगामागे पैसे, डिलिव्हरीला मिनिटं मोजलेली, कॉल सेंटरवाल्याचा तर बाथरूमचा वेळ सुद्धा सिस्टीम पकडते. त्याने थांबायचं म्हणजे पगारातून थांबायचं. त्याला समतोल साधा म्हणून सल्ला देणं हा मला चक्क अपमान वाटतो. अण्णा थांबू शकले कारण ते परमनंट होते, सीनियर होते आणि स्टँडबाय पंप चालू होता. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या कॉन्ट्रॅक्टच्या पोराच्याही ते लक्षात आलं होतं, पाइप वाकडा दिसतो असं तो नंतर म्हणाला. आधी का नाही बोललास असं विचारलं तर नुसता हसला.

म्हणून आपल्याला एक विनंती. आपण मोठमोठ्या सीईओ लोकांच्या मुलाखती छापता, त्यात ते सकाळी किती वाजता उठतात, ध्यान करतात का, वर्षातून किती पुस्तकं वाचतात हे विचारता. ते विचारा, हरकत नाही. पण त्यांना एवढंही विचारा की तुमच्याकडे सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसाला काम थांबवायची परवानगी आहे का, आणि असेल तर शेवटचं कोणी थांबवलं होतं, आणि त्याचं पुढे काय झालं.

आपला,
मेंटेनन्समधला एक नियमित वाचक